डाव्या पाट्याखालचा गुटका

११ एप्रिल
आपली पिकअप डावीकडे झुकते, हे मला आज बाजारातल्या परक्या माणसाने सांगावे! चालक करमसिंगला बोलावले. भार समान भरला तर गाडी सरळ उभी राहते, ही झुकते, अर्थात भार समान नाही. मोलगीच्या बाजारातून आमचूर आणताना तो वाटेत माणसे बसवतो, आणि ती दरीला भिऊन डोंगराच्या अंगाला, म्हणजे डावीकडे दाटीवाटीने बसतात.

तो म्हणाला, "सर, रिकामी पण वाकडीच उभी राहते. बाहेर या, पाहा."

गेलो नाही. आरोपी जे दाखवू इच्छितो, ते आरोपीच्या सोयीचे असते. लोणखेड्याच्या कॉलेजात तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले ते चालकाच्या मागे अंगणात धावण्यासाठी नव्हे.

१२ एप्रिल
पारस चालकाची बाजू घेतो. माझा मुलगा! म्हणे, "बाबूजी, आठ वर्षांत तो एकदा तरी खोटं बोललाय?" काल खोटे न बोलणे हा आज खरे बोलण्याचा पुरावा नव्हे. तसे सांगितले. तो ताटावरून उठला.

१८ एप्रिल
सापडला. दगा मिस्त्री गाडीखाली शिरला, तेव्हा मागच्या डाव्या चाकावरच्या लोखंडी स्प्रिंगच्या पाट्याला आधार म्हणून तारेने आवळलेला लाकडाचा गुटका निघाला. करमसिंगने तत्काळ कबूल केले: गेल्या पावसाळ्यात त्यानेच साग तासून बसवला, आता तोही दबला आहे. न विचारता! झुकाव लपवायला, दुसरे काय?

गुटका काढायला लावला. दगा कुरकुरला, "ऱ्हाऊ द्या ना सर. तो शे म्हनीसन गाडी उभी शे." त्याचे मत मागितले नव्हते.

करमसिंगला कामावरून काढले. किल्ली त्याने पारसच्या हातात दिली, माझ्या नाही. जाताना म्हणाला, "घाटातून गाडी भरून आणू नका." ही धमकीच. तारखेसह नोंदवून ठेवतो.

१९ एप्रिल
गुटका टेबलावर ठेवला आहे. पुरावा म्हणून.

२५ एप्रिल
पारस स्वतः गाडी घेऊन मोलगीला गेला. दुपारी फोन आला. पोती भरून उतरताना देवगोई घाटाच्या वळणावर डावा पाटा तुटला, हौदा चाकावर बसला, गाडी डोंगराला घासत थांबली. दुसऱ्या अंगाला दरी. त्याच्या हाताला सहा टाके. हे सांगताना त्याचा आवाज अगदी थंड होता. माझ्यासारखा.

दगाला जाब विचारला. उजवा पाटा नवा, ताठ. डावा जुना, थकलेला. म्हणून सारा भार डाव्यावर येत होता, म्हणाला. "दोन्ही पाटा संगेच बदलना पडतस. एकच बदलाले कोनी सांगं व्हतं?"

करमसिंगने, मी म्हणालो. दुसरे कोण असणार?

२६ एप्रिल
गतवर्षीची रोजनिशी काढली. ९ जून, अक्षर माझे: 'उजवा पाटा तुटला. करमसिंग दोन्ही बदला म्हणतो. डावा तुटलेला नाही. जे तुटलेले नाही ते बदलण्यास कारण नाही. नकार दिला.'

पारसला विचारले, करमसिंगचे घर मोलगीपासून किती आत आहे.

"गाडी जात नाही तिथे, बाबूजी. चालावं लागतं."