दही-साखर आणि मनूचं यकृत

८ जून
कॅम्पातल्या डॉक्टरीणबाईंकडे. मनूच्या रक्तात एएलटी, म्हणजे यकृतातलं एक विकर, वाढलंय. यकृतावर चरबी असू शकते म्हणाल्या. माझी पोर अकरा वर्षांची. 'रक्त नुसती कुणकुण देतं, निकाल नव्हे.' गोड बंद, पळापळ सुरू. तीन महिन्यांनी उपाशीपोटी पुन्हा तपासणी. संस्कृत पाठशाळेत 'यकृत्' शब्द चालवताना घाम फुटायचा, आज नुसतं ऐकून फुटला.
थोरली बहीण म्हणून आक्काचं मत : 'तू बी असाच गुबगुबीत होतास की रं, तुझं कुठं काय झालं?' मग तिची नजर माझ्या पोटावर गेली.

२० जून
संध्याकाळी अनगोळच्या गल्लीत मनूच्या दोरीउड्या. एक टोक खांबाला, एक माझ्या हातात. माझ्यासारख्या बातमीदाराला एवढंच जमतं. मनू : 'आप्पा, तुम्ही बी मारा की.' मारली. समोरची खिडकी उघडली.

९ सप्टेंबर
तपासणी. मनू काल रात्रीपासून पाण्यावर. रक्त घेणाऱ्या बाई : 'काय खाल्लीस काय गं?'
'काय न्हाय. निघताना दही-साखर तेवढी.'
सुई परत ट्रेमध्ये. उद्या या.
घरी आक्का : 'मोठ्या कामाला निघालेली पोर, हातावर काय न ठेवता पाठवू व्हय? चमचाभरच की.'
'आक्का, त्या चमच्याचाच तर तपास आहे.'
सकाळी निघताना मी शेजारीच चप्पल घालत होतो. चमचा मलाही मिळाला होता. चांगलं लागलं.

१० सप्टेंबर
आज मनूच्या हातावर तुळशीचं पान. आक्का दोनदा विचारते, 'ह्यात साखर न्हाय न्हवं?' पान देव्हाऱ्यात ठेवूनच निघालो. रक्त दिलं. मनू सुईकडं बघत होती, मी पंख्याकडं.

११ सप्टेंबर
एएलटी उतरलंय. हवं तितकं नाही, पण उतरलंय. रक्तातली साखर, चरबी ठीक. डॉक्टरीणबाई : 'वाट बरोबर आहे. दिवाळी झाली की पुन्हा बघू.' मनू म्हणाली रिक्षा नको, चालत जाऊ. वाटेत मी दोनदा बसलो, ती माझ्याभोवती उड्या मारत होती.
दारात आक्का, हातात दह्याची वाटी. 'काम फत्ते झालं न्हवं? घे.'
मनूनं चाटून बघितलं. 'आत्या, साखर विसरलीस.'
'विसरले न्हाय.'
वाटी तरी रिकामी झाली.
आता मधे दिवाळी. लाडवांची कढई अजून माळ्यावरच आहे. आक्का येता-जाता वर बघते, मीही.