ह्यांनी वीट उचलली

कलकत्ता, १९५०. गुरुवार, संध्याकाळ

आज ह्यांनी एका माणसाचं डोकं फोडलं. अहमदनगरच्या शाळेत तीस वर्षं शिकवताना ज्यांनी कधी छडी हातात धरली नाही, त्यांनी.

मिशनने आम्हा दोघा म्हाताऱ्यांना इथे पाठवलं ते तरुण मिशनऱ्यांना सांभाळायला. त्यातला शमुवेल तेवीस वर्षांचा. दंगल पेटलेली, तरी हावड्याच्या वस्तीत औषधं पोचवायची म्हणून तो सकाळी निघाला. हेही सोबत गेले. गल्लीत पाचसहा जणांनी अडवलं. एकाने शमुवेलला खाली पाडून गळ्याला सुरा लावला. शमुवेलने डोळे मिटून घेतले. ह्यांनी रस्त्यातली वीट उचलली आणि सुरेवाल्याच्या डोक्यात घातली. तो कोसळला, बाकीचे पळाले. तो कोसळल्यावरही ह्यांनी आणखी दोनदा मारलं, असं शमुवेल म्हणतो.

कोसळल्यावर दोनदा. का? विचारायचा धीर होत नाही.

पोलिसांनी त्या सुरेवाल्याला इस्पितळात नेलं. संध्याकाळच्या प्रार्थनेला हे उठेनात. म्हणाले, "आता कुठल्या तोंडाने ह्या पोरांना क्षमा शिकवू?"

शमुवेल म्हणाला, "गुरुजी, उद्या मी त्याला बघून येतो."

"तू नाही. मीच जायला हवं."

शमुवेलच्या मानेवरचं रक्त पुसताना मला काय वाटलं? दोनदाच का मारलं, आणखी मारायला हवं होतं. प्रभूपासून काय लपवायचं?

उद्या मीही जाणार. त्या माणसाची दया येते म्हणून नाही. ह्यांना एकटं पाठववत नाही म्हणून.