कोरण्या वैशालीला, पण एका अटीवर

मी, श्यामला नीलकंठ टिपणीस, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार रोहा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. रागही आहे, पण त्याला दाखला लागत नाही.

१. राहतं घर पुतण्या श्रेयस याला द्यावं, पुढची खोली सोडून. तिथे त्याला मोबाईलचं दुकान थाटायचं आहे. त्याने ते खुशाल दुसरीकडे थाटावं. त्या खोलीत दर रविवारी सहावी-सातवीची मुलं लिनोच्या मऊ तुकड्यावर चित्र कोरून, शाई लावून ते कागदावर छापतात, आणि माझ्यामागेही छापतील.

२. शाळेला काहीही देऊ नये. पाहुणे येणार म्हणून मुख्याध्यापकांनी मुलांचे कोरलेले ठसे पेणच्या गणपती कारखान्यातल्या रंगाऱ्याकडून ऑइलपेंटने रंगवून घेतले आणि भिंतीवर टांगले. खाचा बुजल्या, एकही ठसा पुन्हा कागदावर उमटला नाही. जाब विचारला तर म्हणाले, आता कसं उठून दिसतंय. कपाळ माझं.

३. पुढची खोली, शाईचे रूळ आणि सगळ्या कोरण्या वैशाली महिपती देवकर हिला. ती माझी विद्यार्थिनी. धाटावच्या कंपनीतली शिफ्ट सांभाळून मुलांना शिकवायला येते. हात माझ्याहून चांगला. पण मूल जरा अडलं की त्याच्या हातातली कोरणी काढून घेते आणि स्वतःच कोरून मोकळी होते. सांगून सांगून माझी जीभ झिजली. स्पर्धेसाठी सातवीतल्या तनयाने बैल काढला, त्याचे चारही पाय वैशालीने कोरले. मी भडकले, तर म्हणाली, "बाई, वाकडं झालं की आयबाप मलाच बोलतात."

बोलू देत गो. बैलाला बक्षीस मिळालं आणि तनया यायची थांबली. मी घरी गेले, तर दारातूनच म्हणाली, "तो माझा बैल नाय."

४. म्हणून अट अशी: वैशालीने मुलाच्या हातातली कोरणी एकदाही काढून घेतली, तर खोली श्रेयसची. घेतली की नाही, याबाबत मुलांचा शब्द अखेरचा.

वकील म्हणतात, ही अट कोर्टात टिकणार नाही. न टिको. वैशाली, तुझ्याशिवाय हे शिकवणारं मला दुसरं कोणी दिसत नाही, म्हणून मेल्यावरही तुझ्यावर चिडते आहे.

सही: श्यामला नीलकंठ टिपणीस

साक्षीदार:
१. दत्तात्रेय काशिनाथ गुप्ते, शेजारी
२. समीक्षा हर्षद भोईर, शिक्षिका

रोहा, दि. ९ फेब्रुवारी २०२५