गट विसर्जित केला त्या दिवशी

बाबा, पक्षातला आपला समाजवादी गट गेल्या रविवारी मी विसर्जित केला. महापालिकेतली उरलीसुरली साफसफाईही ठेकेदाराकडे द्यायचं पक्षाने ठरवलं आणि गटाने जाहीर पाठिंबा द्यावा, असा निरोप पाठवला. दिला तर आपल्यातल्या एकाला उमेदवारी, नाही तर यापुढे गप्प बसायचं.

याच प्रश्नावर तुम्ही पक्षाच्या अधिवेशनात बोलायला उभे राहिलात, तो दिवस मला अजून दिसतो. मी कॉलेजात आहे, मागच्या रांगेत बसले आहे. तुम्ही सुरुवात करताच माइक बंद होतो. तुम्ही तसेच बोलत राहता आणि निम्मा मांडव जेवायला उठतो. घरी आल्यावर आईने स्वयंपाकघरातूनच विचारलं, "तुम्ही पक्षात आहात हे पक्षाला माहीत आहे ना?" तुम्ही हसलात. पण मी पक्ष सोडा म्हटल्यावर मात्र चिडलात. "बाहेर जाऊन ओरडणं सोपं आहे. सत्तेच्या शेजारी बसून नाही म्हणायला शीक." त्या वाक्यावर मी इतकी वर्षं काढली, बाबा. प्रत्येक वेळी नाही म्हटलं, प्रत्येक वेळी त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि हवं तेच केलं.

रविवारी नारायण पेठेतल्या गटाच्या खोलीत आम्ही मोजकेच होतो. विश्रांतवाडीची आपली तरुण वकील कार्यकर्तीही होती. तिची आई महापालिकेत झाडूकाम करायची. ती म्हणाली, "ताई, आईची नोकरी कायम होती म्हणून मी शिकले. आज पाठिंबा दिला तर घरी काय सांगू?"

तुमच्याबरोबर गट उभा करणाऱ्यांपैकी आता कसब्यातले काकाच उरलेत. पाठिंबा देऊ नकोस, पण गटही मोडू नकोस, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. "तुझ्या वडिलांनी कितीही अपमान झाला तरी जागा सोडली नाही."

"काका, आपण त्या जागेवर आहोत म्हणूनच त्यांना स्वतःला समाजवादी म्हणवता येतं," मी म्हणाले.

मी गट विसर्जित करण्याचा ठराव मताला टाकला. हात वर झाले, त्यांचा सोडून सगळ्यांचे. आम्ही पक्षाचे राजीनामे लिहिले. निघताना मी त्यांना घरी सोडते म्हटलं, तर म्हणाले, "मी अजून पक्षात आहे. बसतो थोडा." तुमच्या मित्राला तिथे एकटं सोडून मी निघाले. बरोबर केलं की नाही, ते अजून कळत नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते: जिना उतरताना, तुम्ही आता नाही आहात याचं मला बरं वाटलं.