दोन रिंगा, मग कट

बाबा,

वेम्बलीच्या फुटबॉल मॅचची ती दोन तिकिटं आपल्याला फुकट मिळाली, असं तुम्ही पुढे कितीतरी वर्षं सांगत होतात. पेशंटनं प्रेमानं दिली, एक पेनीसुद्धा गेली नाही, वगैरे. मी शेजारी बसून मान डोलवायचो. ती केवढ्याला पडली ते आपल्या दोघांना माहीत होतं. एक संध्याकाळ मोकळी मिळावी म्हणून तुम्ही वॉर्डातल्या त्या आयरिश डॉक्टरचा ख्रिसमसची ऑन-कॉल ड्यूटी अंगावर घेतलीत. मॅच नेमकी पक्षपंधरवड्यात, आजोबांच्या तिथीलाच आली, म्हणून आईनं सकाळपासून अबोला धरला. आणि सगळ्यात महाग म्हणजे हॉलमधल्या फोनपासून तुम्हाला अख्खी संध्याकाळ लांब राहावं लागणार होतं. पैशांत म्हणाल तर खरंच काही नाही.

नव्वदच्या ऑगस्टमध्ये कुवेतमध्ये इराकचे रणगाडे शिरले तेव्हा काका तिथे एअरकंडिशनिंगच्या कंपनीत होता. तुमचा एकुलता एक धाकटा भाऊ. त्या दिवसापासून त्याचा पत्ता नव्हता. पुण्याला आत्याकडेही काही कळलं नव्हतं. लंडनच्या भारतीय हाय कमिशनचा फोन सदा एंगेज, आणि लागलाच तर 'नाव लिहून घेतलंय' एवढंच. टीव्हीवर रोज जहाजं निघालेली, नकाशावर लाल बाण, आणि टाय लावलेली माणसं युद्ध कधी होणार ते हवामान सांगावं तसं सांगतायत. तुम्ही हॉस्पिटलमधून यायचात आणि कोट न काढताच विचारायचात, "फोन?" आई मान हलवायची. मग तुम्ही कोट काढायचात.

फोनचा नियम काकानंच घालून दिलेला होता. परदेशी कॉल महाग, म्हणून कुठेही पोचला की तो फोन लावायचा, दोन रिंगा देऊन कट करायचा. दोन रिंगा म्हणजे पोचलो, बरा आहे, उचलू नका. तिसरी वाजली तरच उचलायचा, म्हणजे काहीतरी बोलायचंय. आपल्या घरात तिसऱ्या रिंगेआधी रिसीव्हरला हात लावायची कुणाची टाप नव्हती. माझे इंग्रज मित्र चिडायचे, तुम्ही लोक फोन इतक्या उशिरा का उचलता म्हणून. आता त्यांना कुठून कुठून सांगणार.

तुमचं-माझं तेव्हा फारसं बोलणं नव्हतं. मी ए-लेव्हल, म्हणजे इथली बारावी, अर्ध्यावर सोडून वॉटफर्डमधल्या एका गॅरेजात लागलो होतो, नखांतलं काळं निघत नव्हतं, आणि तुम्ही छातीचे डॉक्टर. एकदा वरण वाढून घेताना माझ्याकडे न बघता म्हणाला होतात, "देवानं चांगले कान दिलेत, ते माणसाच्या छातीला लावायचे सोडून हा बॉनेटला लावतो." मी ताटावरून उठलो होतो. त्यानंतरच्या वाढदिवसाला तुम्ही तुमचा जुना स्टेथोस्कोप ब्राउन पेपरात गुंडाळून दिलात. "इंजिनात कुठे खडखडतंय ते ऐकायला बरा पडेल," एवढंच बोललात आणि बातम्या लावल्यात. तो अजून माझ्या बेंचच्या वर खिळ्याला आहे. नळ्या दोनदा बदलल्या.

त्या कानांची मी आयुष्यभर जाहिरातच केली म्हणा ना. गाडी कोपऱ्यावर वळली की कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो. गिऱ्हाईक पैसे देणार की घोळ घालणार, ते त्याच्या 'हॅलो'वरून सांगतो. आज तीन गॅरेजं आहेत ती या दोन कानांवर, असं मी मंडळाच्या कार्यक्रमात माइकवरसुद्धा बोललोय. आणि त्यावर कडी म्हणून नेहमी सांगतो: फोन देशातला की बाहेरचा, हे मी नुसत्या घंटीवरून ओळखतो. हे म्हणायला मी त्याच दिवशी सुरुवात केली, म्हणून तो दिवस लिहायला बसलो.

मी अर्धा दिवस सुट्टी घेऊन आलोय. किचनमध्ये तळणाचा वास. आईनं खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत केलंय, आणि एक घास बाहेर गॅरेजच्या सपाट छपरावर कावळ्यासाठी ठेवलाय. कावळा येत नाही. समोरच्या झाडावर दोन बसलेत, पण हलायला तयार नाहीत. तुम्ही असल्या गोष्टी न मानणारे, तरी हात मागे बांधून खिडकीशी उभे आहात. शेवटी एक मॅगपाय, इथला तो काळा-पांढरा पक्षी, येतो, वड्याला चोच मारतो.

"आला की," तुम्ही म्हणता.

"तो कावळा नाही." सकाळपासूनचं आईचं पहिलं वाक्य.

"अर्धा काळा आहे. अर्धं पुण्य धर."

आई हसली नाही. तिच्या मनात काय होतं ते मला भांड्यांच्या आवाजावरून कळत होतं. घास शिवत नाही म्हणजे आजोबांचा जीव कशात तरी अडकलाय, आणि कशात ते उघड होतं. थोड्या वेळानं ती बोललीच. "तुम्ही जाऊ नका. आज नको. त्याचा फोन आला आणि तुम्ही तिकडे चेंडूमागे ओरडत असलात तर?" तुम्ही तिकिटं फ्रिजवर ठेवलीत. मला म्हणालात, "तू एखादा मित्र घेऊन जा."

आणि फोन वाजला.

तुम्ही माझ्याआधी पोचलात. तुमचा हात रिसीव्हरच्या वर, बोटं पसरलेली, तशीच हवेत थांबलेली. एक. आई दारात, हाताला पीठ. दोन. आणि मग काहीच नाही. तो हात अजून मला दिसतो.

"तोच होता?" तुम्ही आईला नाही, मला विचारलंत. नाडीबद्दल नर्सला विचारावं तसं.

"बाहेरचा कॉल होता," मी म्हणालो. "लांबचा. घंटीच्या आधी एक बारीक टिक् येतो, इथल्या फोनला येत नाही."

"ऐकलास?"

"ऐकला."

"नक्की?"

"बाबा, नक्की."

तुम्ही जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलात. आई आत गेली, नळ सोडला आणि बराच वेळ बंद केला नाही. बाहेर आली ती फॉइलमध्ये बांधलेले वडे घेऊन. "जा," ती म्हणाली. "भिंतीकडे बघत बसू नका. आणि तिकडची ती मटण भरलेली पेस्ट्री खाऊ नका, आज तिथी आहे."

स्टेडियममध्ये तुमच्या शेजारी एक दांडगा माणूस होता, मनगटांवर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, बहुतेक पेंटर. खेळ सुरू झाला तरी छोटा ट्रान्झिस्टर कानाला. तुम्हाला वाटलं तो कॉमेंट्री ऐकतोय. मला ऐकू येत होतं, त्या बातम्या होत्या. कॉमेंटेटर काय म्हणतोय असं तुम्ही विचारलंत तसा तो ओशाळला. "मुलगा आर्मीत आहे," तो म्हणाला. "जर्मनीत, टँकवर. काल फोन केला होता. म्हणाला, डॅड, टँकना वाळूचा रंग देतोय. कशाला ते सांगत नाहीत." मग हसून, "आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवल्या, पण असा रंग कधी घाबरवून गेला नव्हता."

मागच्या रांगांतून युद्धाचं एक गाणं उठलं, इराकची आईबहीण काढणारं. पोरंच होती, हातात बिअर. तो मान वळवून एवढंच म्हणाला, "ज्याला जायचंय त्याला गाऊ दे, सन." ती पोरं गप्प झाली. मैत्रीपूर्ण सामना म्हणतात याला, तुम्ही मराठीत माझ्या कानात पुटपुटलात.

मग तुम्ही त्याला काकाचं सांगितलंत. "माझा भाऊ तिकडे होता. पण आज पोचला. सेफ."

"हाऊ डू यू नो?"

"टू रिंग्ज."

त्यानं भुवया उंचावल्या, तसं तुम्ही त्याला सगळा नियम समजावलात. दोन रिंगा, मग कट, उचलायचा नाही, तिसरी वाजली तरच. गोळ्यांचा कोर्स संपवायचाच असं पेशंटला बजावता तसं दोनदा बजावलंत. "तुमच्या मुलालाही सांगा. वाळवंटात फोन मिळाला तर रांग असेल. दोन रिंगांना वेळ लागत नाही." तो ओठांतल्या ओठांत म्हणत राहिला, "टू रिंग्ज. डोन्ट पिक अप. राइट."

हाफ टाइमला तुम्ही फॉइल उघडलंत. मी म्हणालो, "अहो बाबा, श्राद्धाचं आहे." तुम्ही ऐकलं नाहीत. एक वडा त्याच्या पुढे धरलात. "आज माझ्या वडिलांचा दिवस आहे. घराबाहेरच्या कुणीतरी खाल्लं पाहिजे."

त्यानं उलटसुलट करून पाहिला. "डोनट?"

"डाळीचा."

त्यानं अर्धा खाल्ला, थांबला, उरलेला खाल्ला, बोटं पँटला पुसली. "तुमच्या वडिलांना सांगा, फारच छान होता."

"सांगतो," तुम्ही म्हणालात, अगदी सरळ चेहऱ्यानं.

आपण म्हणजे इंग्लंडनं एकच गोल मारला आणि तेवढ्यावर जिंकलो. गोल झाला तेव्हा तो उठला, तुम्ही उठलात, त्यानं तुम्हाला मिठीत घेऊन उचललं, आणि तुमचा चष्मा पुढच्या रांगेत गेला. घरी येताना गाडीत तुम्ही चष्म्याची वाकलेली काडी सरळ करत बसलात. मग म्हणालात, "कावळा शिवला रे." मी गियर बदलला. तुमच्याशी बोलायला मला तेव्हा गियरच लागायचा.

काकाचा फोन दसऱ्याच्या जरा आधी आला, मुंबईहून, आणि चांगला चार-पाच रिंगा वाजला, कारण तुम्ही तिसरीनंतरही रिसीव्हर उचलायला घाबरलात. बसनं बगदाद, तिथून अम्मान, वाळवंटातली छावणी, मग विमान. तुम्ही फक्त "हां, हां" म्हणत होतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा कोपरा दुमडत होतात. जानेवारीत युद्ध लागलं. तुमच्या वॉर्डातले काही बेड जखमींसाठी रिकामे ठेवले होते, ते रिकामेच राहिले. तुम्ही रोज येऊन आईला तेवढं सांगायचात, "रिकामे आहेत." एकदा पुढे म्हणालात, "त्याच्याकडे दोन वाजल्या असतील ना?" कुणाकडे, ते आईला समजलं नाही; तिनं तो पेंटर पाहिला नव्हता. मी म्हणालो, "वाजल्या असतील."

दोन-तीन वर्षांनी काका आपल्याकडे राहायला आला. जेवताना मी रंगात येऊन ती गोष्ट काढली, माझे कान, तो टिक्, सगळं. काकानं घास खाली ठेवला. "कुठला फोन? अरे, तिथीच्या सुमारास मी छावणीत होतो. पाण्याच्या बाटलीला रांग होती तिथे. फोन पाहिला तो मुंबईच्या एअरपोर्टवर." मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही ताकाचा पेला त्याच्याकडे सरकवलात. "घे. मीठ बघ पुरेसं आहे का." दुसऱ्या दिवशी मी गाडी काढताना तुम्ही फाटकापाशी आलात, टायरला उगाच पाय लावून बघितलात. "त्या दिवशी मला जायचं होतं," तुम्ही म्हणालात. "आणि त्याला मेलेला धरून मला जाता आलं नसतं." आणि वळून आत गेलात.

तुम्ही गेलात तेव्हा अस्थी घेऊन मी पुण्याला पोचलो, आणि एअरपोर्टच्या बूथमधून आईला दोन रिंगा दिल्या. तिनं उचलला नाही. मोबाइल माझ्या खिशात होता.

हे पत्र स्टेथोस्कोपच्या मागे खोचून ठेवणार आहे, टाकायचं कुठे. एक मात्र तुम्हाला कळायला हवं. टिक् मी ऐकला होता, त्यात खोट नाही. पण परवा टेलिफोनमधून रिटायर झालेला एक माणूस क्लच बदलायला आला, त्याला मी माझी नेहमीची फुशारकी सांगितली. तो हसलासुद्धा नाही. म्हणाला, घंटी वाजवतं ते तुमच्याच गावातलं एक्स्चेंज. फोन अम्मानहून येवो की पलीकडच्या गल्लीतून, ती एकसारखीच वाजते.