मासा दिसेनासा होतो तिथे

प्रिय धाकट्या,

तुझे मासे ठणठणीत आहेत, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पाकीट हातात पडल्यावर तुला वाटायचं की चौघांपैकी कुणीतरी गेला आणि ताईला फोनवर सांगायचा धीर झाला नाही. कुणी गेलेलं नाही. चांगले तळहाताएवढे झालेत. चंदेरी अंग, त्यावर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखे काळे ठिपके, आणि मिशा तर थेट शेपटीपर्यंत. दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधले हे कॅटफिश आपल्या बाहेरच्या खोलीत येऊन राहिले, पण नदीची सवय काही सुटली नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या येरझाऱ्या. बाकीचे मासे कसे एका जागी तरंगतात, डुलक्या काढल्यासारखे. यांच्या गावीही ते नाही. आई त्यांना फौजदार म्हणते. भाजी निवडायला टाकीसमोर बसते आणि त्यांनाच विचारते, "तुम्हाला बसायला कुणी शिकवलंच नाही का रे?"

तू क्रेनच्या नोकरीसाठी तिकडे निघालास तेव्हा टॅक्सी दारात उभी असताना मला दोन गोष्टी बजावल्या होत्यास. यांच्यात बारके मासे सोडायचे नाहीत आणि यांना जाळीने पकडायचं नाही. मी दोन्ही केल्या. टाकी ओकीबोकी वाटते म्हणून निळ्या-लाल रेघेचे चिमुकले मासे आणून सोडले, तर सकाळी त्यातला एकही शिल्लक नाही आणि फौजदारांची पोटं नगाऱ्यासारखी. मग टाकी धुवायला काढली तेव्हा एकाला जाळीत घेतलं. त्याच्या कल्ल्याजवळचे काटे जाळीत असे अडकले की शेवटी कात्रीने जाळीच कापावी लागली, आणि जाता जाता त्याने माझ्या बोटातही एक काटा खुपसला. बोट सुजून लालभडक. आता मी त्यांना प्लास्टिकच्या डब्यातच घेते. हसून घे काय हसायचं ते, कारण पुढे हसण्यासारखं काही नाही.

महिन्यापूर्वी माझ्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी झाली. पापणी इतकी सुजली की डोळा उघडेचना. अशा अवस्थेत शाळेची बस कोण चालवणार? सुट्टी टाकली आणि घरी बसले. दुपारी आई झोपली होती. मी टाकीसमोर खुर्ची ओढली आणि काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला तापमापक बघत होते. पाणी जरा गार वाटत होतं म्हणून. नजर तापमापकावर, आणि खाली फौजदारांच्या फेऱ्या चालू. तेवढ्यात डावीकडून आलेला एक मासा तापमापकाच्या जरा खाली पोचला आणि नाहीसा झाला. मला वाटलं, दगडाआड गेला असेल. पण तिथे दगड नव्हता. क्षणभराने तो पलीकडून बाहेर आला. त्याच्यामागून दुसरा आला. तोही त्याच जागी गेला, आणि पलीकडून निघाला.

मी काच पुसली. खुर्ची सरकवली. नजर खाली नेली की मासा तिथेच असायचा, मिशा हलवत. नजर पुन्हा तापमापकावर ठेवली की गेला. तुला कसं सांगू, तिथे काळोख नव्हता रे. धूसरसुद्धा नव्हतं. वाळू दिसत होती, पाणी दिसत होतं, फक्त मासा नव्हता. तुझ्या माशांना काही झालेलं नव्हतं. जे झालं होतं ते मला झालं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. एका जागी थांबणारे मासे असते तर मला कधी कळलंही नसतं.

रांजणवाडी फुटली, डोळा उघडला आणि दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर सगळं जागच्या जागी. जीव भांड्यात पडला. मग उगाच, खात्री करायला म्हणून, डावा डोळा हाताने झाकला. उजव्या डोळ्यालाही तसलीच एक जागा होती. लहान होती, पण होती.

मी कुणाला काही बोलले नाही. वाटलं, उष्णता असेल, अशक्तपणा असेल. पण भीती काही पाठ सोडेना. घरी आले की हातपाय धुण्याआधी टाकीसमोर बसायचे, एक डोळा झाकायचा, मग दुसरा. बस चालवताना मान सारखी इकडून तिकडे फिरवायचे. मुलं उतरली की खिडकीतून अर्धी बाहेर वाकून चाकांजवळ बघायचे, मग पुन्हा बघायचे, आणि तरी ब्रेकवरचा पाय उचलवायचा नाही. बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या मावशी एकदा म्हणाल्यासुद्धा, "ताई, काही हरवलंय का तुमचं?" मी म्हटलं, नाही हो, मान अवघडलीय.

मग तो सोमवार आला. बस मुलांनी भरलेली, मागे गाण्यांच्या भेंड्या चाललेल्या. शाळेच्या अलीकडच्या वळणावर मी दोन्हीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता, आणि मी बस वळवली. मावशी ओरडल्या, "ताई, सायकल!" मी ब्रेक दाबला. बसच्या पुढ्यात, अगदी खाली, एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून चालले होते. हँडलला पिशवी, डोक्याला टोपी. बस आणि त्यांच्यात हातभराचं अंतर असेल. त्यांना काही कळलंसुद्धा नाही, ते आपले निघून गेले. धाकट्या, मी तिकडे बघितलं होतं. शपथेवर सांगते, बघितलं होतं. मला रस्ता दिसला होता. फक्त माणूस दिसला नव्हता.

मी बस बाजूला लावली. मावशींनी पाणी दिलं. शाळेत फोन करून दुसरा ड्रायव्हर बोलावून घेतला, आणि संध्याकाळी शाळेच्या बस बघणाऱ्या साहेबांच्या टेबलावर किल्ली ठेवून जे झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी आधी डोळे दाखवून यायला सांगितलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याहून लहान आहेत. त्यांनी एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात मला तोंड घालायला लावलं. समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, आजूबाजूला उजेडाचा कण चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बटण दाबत होते आणि मनात म्हणत होते, आता चमकेल, आता चमकेल. मधे मधे बराच वेळ काहीच चमकेना. मला कळत होतं की तिकडे चमकतंय. नंतर त्यांनी कागदावर माझ्या नजरेचं चित्र दाखवलं. खालच्या बाजूला काळा पट्टा. काचबिंदू आहे म्हणाल्या. डोळ्यातला दाब वाढून आतली नस हळूहळू मरते, दुखत नाही, खुपत नाही, आणि माणसाला बहुतेक वेळा कळतही नाही. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली टिकवायला थेंब आहेत, ते जन्मभर घालायचे. मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का? मी म्हटलं, नाही.

बाहेर बाकावर औषधाची वाट बघत बसले आणि तेव्हा बाबा आठवले. बाबा उंबऱ्याला ठेचकाळायचे, आठवतं? चहा ओतताना धार कपाच्या बाहेर जायची आणि आपण दोघं खिदळायचो. तेही हसायचे. आपले बाबा म्हणजे वेंधळे, हे घरात ठरूनच गेलं होतं. मी उठून पुन्हा आत गेले आणि हे सगळं सांगितलं. शेवटी जिन्याचंही सांगितलं, की ते आपल्याच जिन्यावरून उतरताना पडले आणि पुन्हा उठले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, न तपासलेल्या माणसाबद्दल मी खात्रीने काही सांगू शकत नाही, पण पायाखालची पायरी न दिसणं यात बसतं.

बाबांच्या तेराव्याला तिकडून आलास तेव्हा तू आईला जे बोललास ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. "भल्या सकाळी जिना पुसायची काय गरज होती?" एवढंच बोललास, पण त्यानंतर या घरात तू मुक्कामाला असा राहिला नाहीस. आणि आईनेही त्यावर एकच उत्तर दिलं होतं, की जिना वाळला होता. तेव्हा तू मानलं नाहीस. खरं सांगायचं तर मीही मानलं नव्हतं. मी आईला डॉक्टरांकडचं सगळं सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. हात थांबले. मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि सावकाश, शब्दन् शब्द ऐकलं. मग परातीकडे बघत म्हणाली, "वाळला होता गं." एवढंच. थोड्या वेळाने ती माझ्याजवळ आली, माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला आणि डोळ्यांत निरखून बघत राहिली, जणू तो पट्टा तिला बाहेरून दिसणार होता.

मी आता बस चालवत नाही. साहेबांनी मला बसचे मार्ग आखायच्या टेबलावर बसवलंय. पहिले काही दिवस खिडकीतून माझी बस दुसऱ्याच्या हाताखाली बाहेर पडताना बघवायची नाही. थेंब वेळच्या वेळी घालते, आई घड्याळ धरून बसते. भीती मात्र आहे. रस्ता ओलांडताना वाटते, गॅसवरून दूध उतरवताना वाटते. जे दिसतंय तेवढंच तिथे आहे की आणखीही काही आहे, हा प्रश्न एकदा मनात शिरला की निघत नाही.

पण हे पत्र मी माझ्यासाठी लिहिलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी निघताना मला दारातून परत बोलावलं आणि विचारलं, तुम्हाला भावंडं आहेत का. एक भाऊ आहे म्हटल्यावर म्हणाल्या, सख्ख्या भावंडांना याचा धोका बराच असतो, त्यांना लगेच तपासायला सांगा, त्रास होत नसला तरी. त्यांनी विचारलं, काय करतात ते? मी म्हटलं, क्रेन चालवतो. त्यांनी माझ्या कागदावर 'भावाची तपासणी' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. फोन केला असता तर तू चेष्टेवारी नेलं असतंस, माझी नजर शाबूत आहे, ताई, मला वरून मुंगीसुद्धा दिसते, असं म्हणाला असतास. मलाही सगळं दिसत होतं, धाकट्या. तुझ्या क्रेनखाली माणसं उभी असतात. तेव्हा उद्या कामावर जाऊ नकोस, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, बाबांचं आणि माझं सगळं सांग आणि त्या वाडग्यात तोंड घाल. मग डॉक्टर जे म्हणतील ते, जसंच्या तसं, मला कळव. चांगलं असो की वाईट.

तुझीच, आणि तुझा निरोप येईपर्यंत जीव मुठीत धरून बसलेली,
ताई