टेबलाची पलीकडची बाजू

४ फेब्रुवारी

चि. सुतारबुवांस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचले, सामानही लागलं. तू ठोकून दिलेल्या खोक्यांचे खिळे उपटताना माझी दोन नखं कामी आली, पण रंगाची एकही बाटली फुटलेली नाही. खोकी केलीस की तिजोऱ्या, ते एकदा कळव.

आता खोलीबद्दल. लहानपणी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर आपण ‘ताईची खोली’ काढायचो, आठवतं का? मी सांगायची आणि तू पट्टीने रेघा मारायचास. उत्तरेला मोठी खिडकी हवी, म्हणजे दिवसभर उजेड एकसारखा राहील. खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागणार नाही अशा भिंती. हात धुवायला खोलीतच नळ. दाराला आतून कडी. आणि मुख्य म्हणजे जेवायची वेळ झाली म्हणून आवरावं लागणार नाही असं टेबल. तू त्यात एक घसरगुंडीही काढायचास, ती कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही. तर बाबा रे, घसरगुंडी सोडून सगळं मिळालं. कापडाच्या जुन्या गोदामाचा वरचा मजला आहे आणि छत इतकं उंच की साधं खोकलं तरी घुमतं. मला बोलावणाऱ्या कलासंस्थेच्या बाईंनी किल्ली हातात ठेवली आणि म्हणाल्या की वर्षभर ही खोली तुमची, वर्षअखेरीस खालच्या दालनात तुमचं प्रदर्शन. त्या गेल्यावर मी खोलीच्या मधोमध खुर्ची ओढली आणि नुसती बसून राहिले.

इतकी वर्षं फ्रिज आणि भिंत यांच्या फटीत बसून चित्रं काढली, तीही शाळेत शिकवून दमून आल्यावर. पन्नाशी उलटल्यावर हे मिळतंय. शाळा सोडून आले आहे, तेव्हा जमायलाच हवं. नाही जमलं तर मग मी चित्रकार नव्हतेच, अडचणीच्या जागेचं नुसतं निमित्त सांगत होते, असं म्हणायची वेळ येईल.

आई तुझ्याकडे रुळली का? मी तिला चल म्हटलं होतं, पण ती म्हणाली की रंगांच्या वासात जन्म गेला, आता जरा लेकाकडे राहू दे. कंटाळली असणार बिचारी. माझ्यासमोर बसून वर्षानुवर्षं लसूण सोलणं म्हणजे काही खायचं काम नाही. तिच्या गुडघ्यांना जप.

लोभ आहे तो सांभाळून ठेव.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खोकी तशी ठोकली कारण मागच्या खेपेला तुझ्या निळ्या रंगाने माझी अख्खी गाडी रंगवली होती. आणि घसरगुंडी माझ्यासाठी होती. तू आतून कडी लावलीस की मी छतावरून खिडकीत घसरत यायचं, असा बेत होता.

आई बरी आहे. तुमचं घर रिकामं करताना ते स्वयंपाकघरातलं टेबल मी माझ्या कारखान्यात आणलं. लाकूड जुनं आणि चांगलं आहे, कापून दोन देखणी स्टुलं झाली असती. पण रोज दुपारी आई कारखान्यात येते आणि त्याच टेबलाशी, तिच्या त्याच बाजूला बसते. भुसा उडतो, तिला ठसका लागतो, तरी हलत नाही. माझी बायको म्हणते की आत गाद्या-उशा आहेत तिथे बसा, तर आई म्हणते मला इथे बरं वाटतं. त्यामुळे स्टुलं राहिली.

तुला एक गंमत पाठवतो आहे. उंच खोलीला शोभेल असा, चित्र उभं टेकवायचा ईझल केला आहे. सागवानी, पितळी स्क्रूंचा, खालीवर सरकणारा. महिनाभर गिऱ्हाइकांना थापा मारून तो केला. आता खऱ्या चित्रकारासारखी उभी राहून काढ.

लोभ कमी पडला तर कळव, इथे भरपूर आहे.

तुझा,
सुतारबुवा

१० मार्च

चि. सुतारबुवांस,
अनेक आशीर्वाद.

ईझल पोचला. काय हात आहे रे तुझा! सांधा कुठे आहे ते बोट फिरवूनही कळत नाही. संस्थेच्या बाई तर त्याभोवती फेरी मारून गेल्या. खरोखर देखणा झाला आहे.

त्या निमित्ताने माझी एक खोड मोडायचं ठरवलं आहे. मी चित्र उलटं काढते, हे तुला ठाऊक आहे. म्हणजे आकाश माझ्या पोटाशी आणि जमीन टेबलाच्या पलीकडच्या कडेला. अपुऱ्या जागेत कशीतरी बसायची, त्यातून ती सवय लागली असणार. बाहेर कुणाला कधी सांगितलं नाही. लोक म्हणायचे की तुमच्या चित्रांत आकाश दाट असतं आणि जमीन कशी दोन फटकाऱ्यांत, किती वेगळा विचार आहे. विचार कसला, आकाश हाताशी होतं म्हणून दाट, आणि जमिनीपर्यंत हात पुरायचा नाही म्हणून फटकारे. इथे दाराला काच आहे, येणारे जाणारे डोकावतात. म्हातारपणी हसं नको. आता चारचौघांसारखं सुलट काढते.

आई माझ्याबद्दल विचारते का? ईझल खरंच फार सुंदर आहे.

लोभ आहेच, त्यात भर घाल.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एका पत्रात तू माझी दोनदा स्तुती केलीस. आपल्या उभ्या आयुष्यात हे घडलेलं नाही. मी पत्र बायकोला दाखवलं, तीही म्हणाली की काहीतरी बिनसलं आहे. ईझल डगमगतो का? उंची चुकली का? बसून काढायचं असेल तर सोबत उंच स्टूल पाठवतो. खोली घुमते म्हणालीस, तर कोपऱ्यात जाड पडदा लाव. उजेड डोळ्यांवर येत असेल तर मी फळ्यांची झडप करून देईन. लाकडाने सुटणारी अडचण असेल तर मला सांगायला लाजू नकोस.

आई रोज विचारते की मोठीने आज काय काढलं. मी म्हणतो, झाड. काल म्हणाली, रोज झाडच कसं काढते. मला थापा फक्त गिऱ्हाइकांना मारता येतात.

खरं काय ते लिही.

तुझा,
सुतारबुवा

२१ एप्रिल

चि. सुतारबुवांस,
अनेक आशीर्वाद.

स्टूल मिळालं. तेही चांगलं आहे, आणि दोष त्याचा नाही. ईझलचाही नाही.

खरं लिहिते. इथे आल्यापासून माझ्या हातून एकही चित्र झालेलं नाही. कागद भरतात, पण त्यांना चित्र म्हणवत नाही. जमीन ठासून भरते आणि आकाश कोरडं राहतं. सकाळी येते, रंग काढते, घोटते, खिडकीत उभी राहते. कुणी हाक मारत नाही, कुणाला टेबल नको असतं. पूर्वी भाजी चिरायची वेळ झाली की मी घाईघाईने शेवटचा हात मारायची आणि तोच नेमका बसायचा. आता घाई नाही, आणि हातही बसत नाही.

मला फार भीती वाटते रे. आयुष्यभर एका खोलीची वाट बघितली आणि ती मिळाल्यावर माझ्याजवळ द्यायला काही नाही असं निघालं. मेअखेर किल्ली परत द्यायचं ठरवलं आहे. शाळेच्या मुख्याध्यापिका परत घेतील. ब्रश मात्र मी पुन्हा हातात धरणार नाही, ते दुखणं नको. आईला यातलं काही सांगू नकोस, तिला वाईट वाटेल.

लोभ असू दे, त्याची आता गरज आहे.

ताई

२८ एप्रिल

चि. मोठीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बाळ लिहितो आहे, बोलणं माझं. त्याने माझ्यापासून लपवायचा प्रयत्न केला, पण जेवताना त्याचं तोंड बघून मी ओळखलं. त्याला लहानपणापासून काही लपवता येत नाही. (लिहितो आहे.)

जागा अपुरी म्हणून तू चित्र उलटं काढायला लागलीस, असं तुला वाटतं. तसं नाही. तू एवढीशी होतीस, बाळ पाळण्यात होता. मी टेबलाशी पीठ मळत होते. तू समोर बसून खडूने काहीतरी काढलंस आणि तुझं आई बघ, आई बघ सुरू झालं. माझे हात पिठात, उठता येईना. मी म्हटलं की कागद माझ्याकडे तोंड करून ठेव, मला इथूनच दिसेल. तू कागद फिरवलास आणि पुढचं तसंच काढत राहिलीस, मला दिसावं म्हणून. कागद परत फिरवायचं तुझं राहूनच गेलं. मोठी झाल्यावर सुटेल असं मला वाटायचं. सुटलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही, कारण मला ते फार आवडायचं.

दुसरं म्हणजे, मी रंगांना कंटाळले नव्हते. तुझ्याकडे येणारी माणसं म्हणायची की यांना जागा किती कमी पडते. मी ऐकत होते. अर्धं टेबल तर माझ्या लसणाचं. म्हटलं, आपण हललो तर पोरीला हातपाय पसरता येतील. म्हणून लेकाचं नाव पुढे केलं. इथे मला काही कमी नाही, सूनबाई सगळं हातात देते. पण दुपारी मान वर करावी तर समोर बाळ फळ्या तासत असतो. फळीत बघण्यासारखं काय असतं? (हेही लिहितो आहे.)

तुला मी अडचण वाटत नसेन तर बोलाव. गुडघ्यांचं कारण सांगणार नाही.

तुझी,
आई

ताई, हे पुढचं माझं. आईला लसूण सोलताना नेहमी बघत आलो, पण ती काय बघत असते हे मी कधी पाहिलंच नाही. आणि मी तुला महिनाभर खपून नेमका तो ईझल करून पाठवला!

४ मे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद. आईस सा. न.

पत्र वाचून ढसाढसा रडले. या खोलीत रडणंसुद्धा घुमतं.

मला ते पीठ, तो खडू काही आठवत नाही. पण तिचं हूं आठवतं. चित्रात काही चुकायला लागलं की ती सोलायची थांबायची, आणि जमलं की हूं म्हणायची. मी वर बघायचीसुद्धा नाही. मला वाटत होतं की मी एकटीच चित्रं काढत होते.

आईला घेऊन ये. आणि ते टेबल घेऊन ये. नवं करू नकोस, तेच हवं, एक हात आणि चार बोटं रुंदीचं. रंधा मारू नकोस, पॉलिश करू नकोस, तुझा हात त्याला लागलेला मला चालायचा नाही. तिला सांग की ती अडचण होती म्हणूनच माझं चाललं होतं.

ताई

९ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टेबलाचे पाय सुटे केले आहेत, एवढी परवानगी गृहीत धरली. आईने पिशवी भरूनच ठेवली होती. कधी भरलीस विचारलं, तर म्हणाली की मी ती उघडलीच कुठे होती.

शनिवारी पोचतो. ईझलचं काय करणार आहेस, ते मन घट्ट करून विचारतो.

तुझा,
सुतारबुवा

२ डिसेंबर

चि. सुतारबुवांस,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तू टेबल उभं करून गेलास त्याला आता किती दिवस झाले. एवढ्या मोठ्या खोलीत आम्ही दोघी खिडकीजवळच्या एका कोपऱ्यात बसतो आणि बाकीची खोली रिकामी असते. संस्थेच्या बाईंनी विचारलं की तुम्हाला मोकळी जागा आवडत नाही का. आईने सांगितलं की आवडते, पण बसायला नाही. तुझा ईझल अतिशय उपयोगी आहे. त्यावर आईची शाल आणि माझी ओली छत्री असते, आणि पितळी स्क्रूला लसणाची पिशवी.

चित्रं झाली रे. उलटी, हाताशी दाट, पलीकडे फटकारे. दाराच्या काचेतून लोक बघतात, बघू देत. जेवायची वेळ झाली की आई टेबल मागते, आणि शेवटचा हात बसतो. शाळेला कळवून टाकलं की मी आता येत नाही.

काल खालच्या दालनात चित्रं लावली. आईला हात धरून नेलं. ती एकेका चित्रासमोर थांबली, चांगली आहेत म्हणाली, पण हूं म्हणाली नाही. काय चुकलं विचारलं तर म्हणाली की वर चल, दाखवते. जिना चढताना तीनदा टेकली, पण थांबायला तयार नव्हती.

वर आल्यावर तिने मला तिच्या खुर्चीत बसवलं. टेबलावर अर्धवट चित्र होतं. मग ती वळसा घालून माझ्या खुर्चीत बसली आणि मी बसते तशी मान खाली घालून, ब्रश हातात धरून चित्रावर ओणवी झाली. म्हणाली, आता बघ. इतकी वर्षं त्या बाजूला मी बसले, पण तिथून काय दिसतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. चित्र सुलट दिसत होतं. खाली जमीन, वर आकाश, आणि आकाशाच्या वर खाली वाकलेलं एक डोकं. तिचे पांढरे केस माझ्या निळ्या रंगाला टेकत होते. आई तशीच, मान वर न करता म्हणाली की मी तुझं चित्र नेहमी एवढं बघितलं आहे, भिंतीवर लावलं की वरची तू राहून जातेस.

मी फक्त हूं म्हटलं.

बारा तारखेला प्रदर्शन उघडतं. तुम्ही दोघं नक्की या. खाली भिंतीवर बघून झालं की उरलेलं बघायला वर या, आम्ही टेबलाशी असू. लोभ येताना बरोबर घेऊन ये, आणि आईसाठी खुर्चीवरची उशीही.

तुझी,
ताई